कोरी अण्णांचा गुळाचा खडा

आमच्या गल्लीत एखाद्याच्या खांद्यावर पीठ दिसलं, पण हातात डबा दिसला नाही, की लोक समजायचे, याचं काहीतरी गुपित आहे.

तो माणूस ॲडव्होकेट मल्लाप्पा कोरी यांचा पक्षकार असायचा. शनिवार पेठेत कोरी अण्णांचं ऑफिस पिठाच्या गिरणीला लागून, जिना चढून वर होतं. पक्षकाराशी खासगी काही बोलायचं झालं, की अण्णा त्याला उठवून गिरणीत घेऊन जात. तिथं पट्टा फिरत असे, जात्याची घरघर चालू असे, आणि त्या गोंगाटात अण्णा त्याच्या कानाशी तोंड नेऊन सल्ला देत. सल्ला मोठा असेल तर माणूस भुवयांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचा.

याचं कारण अण्णांचा आवाज. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं हा काही कुणी दुर्गुण धरत नाही, पण अण्णांचं प्रकरण त्यातही वेगळं होतं. ऑफिसात बसल्या बसल्या ते "चहा घेऊ या की" म्हणाले, की समोरच्या टपरीवरचा बंडू आधण ठेवायचा. उलटतपासाला उभे राहिले, की शेजारच्या कोर्टातला साक्षीदार बोलता बोलता थांबायचा. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "कोरीसाहेब, जरा हळू बोलता येईल का?" अण्णा नम्रपणे म्हणाले, "ह्ये हळूच बोलालोय, साहेब." आणि ते खरंच होतं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. वकिलीत याचा फार त्रास होतो, असं ते म्हणायचे.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा अण्णांनी साठी ओलांडली होती. घर मूळचं गडहिंग्लजकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'तंगी' करून टाकलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसानं मला बहीण म्हणावं याची तेव्हा मला गंमत वाटली. पुढं इतर ज्युनिअर मैत्रिणींच्या हकिगती ऐकल्यावर माझं नशीब किती चांगलं होतं ते कळलं.

गिरणीतल्या सल्ल्यामागं एक दुखरी गोष्ट होती. ती त्यांनीच मला सांगितली. वकिली नवी असताना एका गृहस्थाशी ते ऑफिसात तडजोडीचं बोलत होते. कुठपर्यंत मागं यायचं, कुठं अडून बसायचं, सगळं. आणि बाहेरच्या बाकावर समोरचा पक्षकारच चहा पीत बसला होता. चहा संपायच्या आत त्याला अख्खी केस कळली. त्या गृहस्थाचं राहतं घर गेलं. त्यानं अण्णांना शब्दानंही दोष दिला नाही, उलट जाताना वाकून नमस्कार करून गेला. तो नमस्कार अण्णांच्या मनातून कधी गेला नाही. "पक्षकाराचं गुपित म्हंजे दुसऱ्याची लेकरं सांभाळाय घेतल्यासारखं हाय, तंगी," ते म्हणायचे. "सांभाळाय जमत न्हाय तर घ्यायचीच न्हाईत."

आमच्या पेठेला नदीचं पाणी काही परकं नाही. एका पुरात ते जिन्याखालच्या खोलीत शिरलं आणि तिथल्या कपाटातल्या फायली भिजल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या गच्चीवर दोऱ्या बांधून चिमट्यांनी वाळत घातल्या. गल्लीतल्या बायकाही आपापल्या गच्चीवर गाद्या वाळवत होत्या. थोड्या वेळानं शेजारच्या वहिनी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अवो अण्णा, ह्यात आमच्या जावंचं नाव हाय की. तिनं कधी केस घातली?"

अण्णा हादरले. त्यांनी आधी सगळे कागद उलटे फिरवले, तर मागच्या गच्चीवरून वाचता यायला लागले. मग दिवसभर हा माणूस उघडी छत्री घेऊन गच्चीवर या कागदापासून त्या कागदापर्यंत फिरत राहिला, आणि "कुणी वाचायचं न्हाय" असं अधूनमधून जे ओरडत होता, त्यामुळे ज्यांना पत्ता नव्हता तेही गच्चीवर आले.

त्याच आठवड्यात अण्णांनी स्कॅनर घेतला. म्हाताऱ्या वकिलाला नव्या पोरीनं संगणक शिकवला, अशी गोष्ट सांगायला मला आवडली असती, पण तसं झालं नाही. मला स्वतःला कागदाचा वास आल्याशिवाय केस समजत नसे. अण्णांना मात्र नव्या गोष्टीचं वेडच लागलं. यंत्रं आणि फायली नेटवर ठेवायची सोय विकायला आलेल्या प्रत्येक पोरगेल्या माणसाला त्यांनी समोर बसवून रीतसर उलटतपासात घेतलं. "फाइल हितनं निघाली की कुठं जाती? तितं कोण बघतंय? कुलूप लावलंय म्हणतासा, मग किल्ली कुणाकडं? तुमच्या सायबाकडं पन हाय का न्हाय? व्हय का न्हाय, तेवढंच सांगा." तो बिचारा घाम पुसत खरं खरं सांगत गेला. ज्या कंपनीकडं किल्ली होती तिच्या माणसाला अण्णांनी चहा पाजून परत पाठवलं, आणि जिची किल्ली फक्त आपल्याकडं राहते तिची व्यवस्था घेतली.

आमचे कारकून दिनकरमामा यांना हे काही पटलं नव्हतं. पण खंडेनवमी आली तेव्हा त्यांनी मन मोठं केलं आणि टाइपरायटरच्या शेजारी स्कॅनरचीही पूजा केली. झाकण उघडून, काचेवर, छान बोटभर हळदीकुंकू लावलं. दसऱ्यानंतर पंधरवडाभर आमच्या ऑफिसातून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक गोल लाल ठिपका होता. शेवटी कोर्टातल्या लिपिकानं विचारलं, "कोरीसाहेब, हा शिक्का कुठल्या खात्याचा?" अण्णांनी परत येऊन काच पुसली, पण मामांना एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "मामांनी त्येला घरात घेतलं बघ आता."

स्कॅनर, संगणक, सगळं मार्गी लागलं, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. ती पुन्हा आवाजाचीच.

अण्णांना काहीही टाइप करताना ते मोठ्यानं म्हणायची सवय होती. टायपिस्टला मजकूर सांगण्यात जन्म गेलेला. त्यांनी चांगला लांबलचक, अवघड पासवर्ड तयार केला, पुन्हा पुन्हा घोकून पाठ केला, आणि खिडकीशी बसून एकेक अक्षर खणखणीत म्हणत टाकला. फोनवर ओटीपी आला, तोही वाचला. थोड्या वेळानं बंडू चहा घेऊन आला आणि कप ठेवता ठेवता म्हणाला, "अण्णा, शेवटी सात म्हणालासा का नऊ? मधनं रिक्षा गेली, नीट ऐकाय न्हाय आलं."

अण्णांनी चहा घेतला नाही. तो पासवर्ड त्यांनी तिथंच रद्द केला. मग त्यांना त्यांच्या आईची आठवण झाली. लहानपणी गावच्या मठात प्रवचनाला नेताना त्यांची अव्वा त्यांच्या तोंडात गुळाचा मोठा खडा भरायची. खडा विरघळेपर्यंत हे पोर गप्प राहायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर गुळाचा डबा आला आणि नियम ठरला, आधी गूळ, मग पासवर्ड. गालात खडा धरून, ओठ घट्ट मिटून, डोळे बारीक करून अण्णा एका बोटानं टाइप करू लागले. मलाही तोच नियम होता. मामांनाही. मी हळू बोलते असं मी सांगून पाहिलं, तर अण्णा म्हणाले, "कायदा समद्यांना सारखा."

ही व्यवस्था उत्तम चालली असती, पण कोर्टाचा एक पासवर्ड, टपालाचा दुसरा, फायलींचा तिसरा, असं करत दिवसभरात इतका गूळ पोटात जाऊ लागला, की अण्णांच्या रक्तातली साखर वाढली. त्यांच्या पत्नी, शांताक्का, ऑफिसात आल्या आणि डबा उचलून म्हणाल्या, "वकिली करतासा का गुऱ्हाळ चालवतासा?" अण्णांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी त्यांनी मला अशी व्यवस्था शोधायला सांगितली, जिच्यात बाकी सगळे पासवर्ड एका तिजोरीत राहतील आणि आपण फक्त तिजोरीचाच लक्षात ठेवायचा. अशी सोय असते आणि जाणकार लोक तीच वापरायला सांगतात, हे नंतर कळलं. "एका खड्यात दिवस निघाला पायजे," एवढंच अण्णांचं म्हणणं होतं. तो मुख्य पासवर्ड त्यांनी कुठं लिहिला नाही आणि मलाही सांगितला नाही.

मग गिरणी बंद पडली. घरोघरी छोट्या गिरण्या आल्या होत्या, सदाशिव गिरणीवाल्याकडं दिवाळीपुरतीच गर्दी उरली होती. पट्टा उतरवला त्या दिवशी अण्णा तिथं उभे होते. जात्याच्या दगडावर हात ठेवून म्हणाले, "सदाशिवा, तू दुकान बंद केलंस. खरं माझं आफिस बंद झालं की." तिथं मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं, आणि त्या दुकानात आवाज असा कशाचाच नव्हता.

नेमका तेव्हाच हातकणंगल्याहून सुमनताईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंची केस पूर्वी अण्णांनी लढवली होती, म्हणून त्यांनी आम्हालाच गाठलं. त्यांच्या वडिलांची जमीन कागलच्या एमआयडीसीला लागून होती. वडील गेल्यावर भावांनी वारसांत बहिणीचं नावच लावलं नव्हतं, आणि आता ती जमीन एका कारखानदाराला विकायचं ठरलं होतं. पुढच्या आठवड्यात खरेदीपत्र होणार होतं. त्याआधी दावा दाखल करून कोर्टाकडून 'जैसे थे'चा हुकूम मिळवायचा होता. भावांना सुगावा लागला असता, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरेदीपत्र उरकलं असतं.

आणि सुमनताईंच्या थोरल्या भावाचं, रावसाहेबांचं, पंपांचं दुकान आमच्याच गल्लीत होतं. रावसाहेब दुकानात कमी आणि बंडूच्या बाकावर जास्त, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी हे सगळं अण्णांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि बराच वेळ खिडकीतून त्या बाकाकडं बघत बसले. ते कुठला बाक बघत होते आणि तिथं त्यांना चहा पीत कोण बसलेलं दिसत होतं, ते मला कळत होतं. ते नाही म्हणणार, असंच मला वाटलं, आणि त्या बाईसाठी माझा जीव तुटला. मग त्यांनी डबा उघडला, खडा तोंडात टाकला, आणि फोनवर एका बोटानं सुमनताईंना निरोप लिहिला. "केस घेतली आहे."

त्या दिवसापासून अण्णांनी ऑफिसात बोलणं बंद केलं. सगळा सल्ला फोनवर लिहून. निरोप बाहेर कुणाला वाचता येणार नाही अशी सोय त्यांनी निवडली होती, पण निरोपांची धाटणी अर्जाची होती. वर 'श्रीमती सुमनताई यांस', मग 'विषय', मग 'संदर्भ : आपला सकाळचा निरोप', आणि शेवटी 'कळावे'. उत्तरादाखल सुमनताईंनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. अण्णा ते बघून गोंधळले आणि मला चिठ्ठी सरकवली. "बाई पदवीधर आहेत ना? मग अंगठा का उठवतात?"

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात धावपळ ऐकू आली आणि दार धाडकन उघडलं. बंडू, सदाशिव, शेजारच्या वहिनी, आणि सगळ्यांच्या पुढं हातात गाडीची किल्ली घेऊन रावसाहेब. दोन दिवस गल्लीत अण्णांचा आवाज नाही, चहाची हाक नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की अण्णांना झटका आलाय.

"अण्णा, काय हुतंय?" रावसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "गाडी खाली लावल्या. चला दवाखान्यात."

संगणकाच्या पडद्यावर त्या वेळी दावा उघडा होता. नजर अधू म्हणून अण्णा अक्षर मोठं ठेवायचे, आणि त्या मोठ्या अक्षरात 'प्रतिवादी क्रमांक एक' पुढं रावसाहेबांचं संपूर्ण नाव होतं. मी पडद्यासमोर उभं राहायला धावले. अण्णांनी मात्र पडदा बंद करायची कळ पंजानं अशी दाबली, की टेबल हललं. पडदा काळा झाला.

सगळे अण्णांच्या तोंडाकडं बघत होते. गाल फुगलेला, ओठ मिटलेले. अण्णांनी कागद ओढला आणि लिहिलं, "मौन."

रावसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. मग ते खाली वाकले आणि अण्णांच्या पायाला हात लावला. "अण्णांनी मौन धरलं," ते म्हणाले. "तपश्चर्या हाय ही. चला, चला खाली. गर्दी करू नका." जाताना त्यांनी दारही हलक्या हातानं ओढून घेतलं. पुढचे दिवस बाकावर बसून ते स्वतः गल्ली सांभाळत होते. कुणी हॉर्न वाजवला, की उठून सांगायचे, "हळू रं, वर अण्णांचं मौन हाय."

अण्णांना याचं वाईट वाटत होतं. त्यांनी मला लिहून दाखवलं, "माणूस वाईट न्हाय. पण तिचं नाव गाळलंय." आणि पुन्हा दाव्याला लागले.

दिनकरमामा हातकणंगल्याला जाऊन सह्या घेऊन आले. सगळे कागद बिनठिपक्याचे स्कॅन झाले. दावा ऑनलाइन दाखल करायची वेळ आली तेव्हा खिडकीखाली रावसाहेब कुणाला तरी पंपाचा भाव सांगत होते. अण्णांनी डब्यातला सगळ्यात मोठा खडा निवडला. ओटीपी आला. त्यांचे ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली, आणि मी डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही. डोळे उघडले तर पडद्यावर दावा दाखल झाल्याची पोच होती, आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. खडा घशात गेल्यामुळं असेल असं त्यांनी हातानं खुणावलं, पण ते काही खरं नव्हतं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली एकमेव थाप ही, आणि तीही त्यांनी तोंडानं मारली नाही.

हुकूम मिळाला. नोटीस पोचल्यावर अण्णा स्वतः जिना उतरून खाली गेले आणि बाकासमोर उभे राहून म्हणाले, "रावसाहेब, मौन सुटलं. ते तुझ्याविरुद्ध हुतं." आवाज नेहमीसारखा, म्हणजे सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा. रावसाहेब पांढरेफटक पडले, मग लाल झाले, आणि पुढं कितीतरी दिवस बंडूच्या बाकाकडं फिरकले नाहीत. पण पाऊस संपता संपता ते जिना चढून आले. बहिणीचं नाव लावायला तयार झाले होते. सुमनताईही आल्या. बोलणी झाल्यावर रावसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अवो, माझ्याच हातनं गल्ली गप ठेवून घेतलासा की," ते म्हणाले आणि हसत सुटले. बहीणही हसली. अण्णा इतके हसले, की खालून बंडूनं न सांगता सगळ्यांना चहा आणला. सुमनताईंनी गुळाची अख्खी ढेप आणली होती. ती शांताक्कांनी जप्त केली.

मग एके दिवशी अण्णांनी वकिली थांबवायची ठरवली. गावाकडं जाऊन राहायचं म्हणाले. निघायच्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "तंगी, चल, जरा दळण आणू या." हातात डबा नव्हता. त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागं बसून मी कसबा बावड्यापर्यंत गेले. तिथं सदाशिवच्या मेहुण्याची एक गिरणी अजून चालू होती. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यामधून अण्णा मला थेट जात्यापाशी घेऊन गेले, माझ्या कानाशी वाकले, आणि त्या घरघरीत तिजोरीचा पासवर्ड त्यांनी मला सांगितला. पुन्हा एकदा सांगितला. मग माझ्याकडून म्हणून घेतला.

"लेकरं सांभाळ," ते म्हणाले. एवढंच.

बाहेर आलो तेव्हा मी पांढरी झाले होते. रांगेतली एक बाई मला म्हणाली, "पावणं, डबा आत इसरलासा." मला हसू येत होतं आणि रडूही. अण्णांनी अंगावरचं पीठ झटकलं नाही. तसेच स्टँडवर गेले, तसेच गाडीत बसले. गाडी सुटली तेव्हा ते खिडकीतून बाहेर वाकले, खांदे पांढरे, आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "तंगी, डब्यातला गूळ संपत आलाय. आणून ठेव."

ते मला दिसले ते शेवटचेच. त्याच वर्षी गावी झोपेतच गेले. मला त्यांची आठवण रोज येते, आणि ती आनंदाचीच असते. ऑफिस आता मी चालवते. मामा अजून दर खंडेनवमीला स्कॅनरची पूजा करतात, फक्त आता झाकणावर. बंडू मात्र सांगितल्याशिवाय चहा आणत नाही, माझा आवाज खाली जात नाही.

नव्या ज्युनिअर मुलींना तिजोरीच्या पासवर्डचं फार कुतूहल आहे. मी रोज सकाळी खुर्चीत बसल्यावर एखादी विचारतेच. मी उत्तर देत नाही. तोंडात गूळ असतो.